टी वेव्ह उलटी निघाली तिथून पुढचं सगळं

ट्रेनिंगच्या कॅम्पसाठी नाव आलं की मेडिकलचा फॉर्म येतो, आणि आमच्याकडं तो फॉर्म म्हणजे वजन, उंची, रक्तगट आणि खाली डॉक्टरचा शिक्का, बस. मी ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत जायची शर्यत, पळते, आधी ५००० पळायचे. गाव अमळनेर तालुक्यात पण कॉलेजपासून जळगावलाच राहते, सकाळी मेहरूण तलावाला रनिंग आणि ट्रॅकचं काम असेल तेव्हा क्रीडा संकुल. या वेळच्या फॉर्मसोबत ईसीजी आणि टूडी एको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, पण मागितले होते आणि वर दोन पानांची प्रश्नावली. खरं सांगायचं तर मला लिहायचंय ते त्या प्रश्नावलीबद्दलच, पण सगळं सुरू झालं ईसीजीपासून म्हणून आधी तेच सांगते.

ईसीजी जवळच्याच एका सेंटरला काढला. तिथं टेक्निशियन दादा होते, लेडीज स्टाफ नव्हता, त्यामुळं ते बिचारे इतके अवघडले की छातीवरचे सहा लीड, म्हणजे वायरीची चिकटणारी टोकं, त्यांनी जिथं लावायचे तिथं न लावता कुठंतरी खाली, टीशर्टच्या आतून अंदाजानेच चिकटवले. मुलींच्या बाबतीत हे सर्रास होतं आणि लीड सरकली की कागदावरचं चित्रच बदलतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कागद बाहेर आला, वर मशीननेच छापलेलं, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी. ठोके मिनिटाला ४१. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं चक्कर येते का, मी म्हटलं नाही, दम लागतो का, मी म्हटलं सर इंटरव्हल करताना दम लागणारच ना. ते हसले नाहीत. म्हणाले हार्ट ब्लॉकसारखं दिसतंय, पुढं पेसमेकरची वेळ येऊ शकते, पळणं ताबडतोब बंद. मी बाहेर येऊन सरांना फोन लावला आणि मला बोलताच येईना.

आमचे सर म्हणजे कोच, ते गप्प बसणारातले नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी शहरातल्याच एका हार्टच्या डॉक्टरांकडं पाठवलं. वेटिंगमध्ये सगळे साठीच्या पुढचे, एक बाबा मला म्हणाले बेटा कोणाला घेऊन आलीस, मी म्हटलं मीच पेशंट आहे, तर त्यांनी त्यांची बसायची जागाच मला देऊ केली. असो. या डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं तर जुना कागद बाजूला ठेवला, सिस्टरला बोलावून पडद्यामागं सगळे लीड नीट लावून परत ईसीजी काढायला लावला, आणि मग मोबाईलवर एक तक्ता उघडून दाखवला, हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रकाने. खेळाडूंचा ईसीजी कसा वाचायचा याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ साली आले त्यातला तो तक्ता. म्हणाले साध्या माणसाचा ईसीजी आणि रोज दोन वेळ पळणाऱ्या मुलीचा ईसीजी एकाच मापानं मोजायचा नसतो.

मग एकेक करून समजावलं. ठोके ४१, हिरवा रकाना, म्हणजे खेळाडूंत नॉर्मल, अनेक वर्षं एन्ड्युरन्स ट्रेनिंग केलेल्याचं हार्ट एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं आणि आरामात असताना शरीरातली ठोके कमी ठेवणारी नस जोरात काम करते, त्यामुळं चाळीसच्या आसपास ठोके असणं नवल नाही. वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडं करंट जायला थोडा उशीर लागतोय, फर्स्ट डिग्री ब्लॉक म्हणतात त्याला, तो पण हिरवा, आणि ज्याला पहिले डॉक्टर घाबरले ते हेच. रेषा उंच उंच आहेत, व्होल्टेज जास्त, तेही एकटंच असेल तर हिरवं. मला वाटलं चला सुटलो. पण त्यांचं बोट शेवटच्या दोन लीडवर थांबलं, व्ही फाईव्ह आणि व्ही सिक्स, तिथली टी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच रेषेनंतर येणारी छोटी लाट, वर असायला पाहिजे ती खाली वळलेली. ही लाल रकान्यात. म्हणाले हे ट्रेनिंगने झालं असं धरून चालत नाही, याचं कारण शोधावं लागतं, आणि शोधेपर्यंत रनिंग बंद.

म्हणजे ज्याला पहिले डॉक्टर घाबरले ते नॉर्मल, आणि भीती होती ती दुसरीकडंच. माझं तेव्हापासूनचं मत झालंय की खेळाडूचा ईसीजी काढणं स्वस्त आणि सोपं आहे, अडतं ते वाचणाऱ्यापाशी.

एको त्याच दिवशी झाला. हार्टच्या डाव्या कप्प्याची भिंत ९ मिलिमीटर, कप्पा किंचित मोठा, पंपिंग चांगलं. मला आकडे कळत नव्हते म्हणून विचारलं तर म्हणाले, ज्या आजाराची मुख्य शंका आहे त्यात भिंत जाड होते, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, साधारण ५०० माणसांत एकाला असतो आणि बहुतेकांना कळतही नाही. पुरुष खेळाडूंची भिंत ट्रेनिंगने १३ ते १५ पर्यंत जाऊ शकते आणि तिथं खेळ की आजार हे ठरवताना डोकं फुटतं, मुलींची सहसा १२ च्या वर जात नाही, तुझी ९ म्हणजे छानच. मग आता काय राहिलं? तर एकोमध्ये हार्टचं खालचं टोक कधीकधी नीट दिसत नाही, आणि या आजाराचा एक प्रकार नेमका त्या टोकालाच असतो, त्यात टी वेव्ह अशाच उलट्या होतात. शिवाय काही जणांत ईसीजी आधी बदलतो आणि भिंत नंतर जाड होते, काही वर्षांनी. म्हणून एमआरआय. आणि तो मुंबईला.

आता प्रश्नावली. ती भरली कशी गेली होती ते आधी सांगते. कॅम्पला जाणाऱ्या सगळ्या मुलामुलींचे फॉर्म एकाच दिवशी, एकाच टेबलवर भरले गेले, प्रश्न इंग्रजीत, समोरच्यानं सगळ्यांच्या सगळ्या रकान्यात एकदम नाही नाही नाही अशा टिका मारल्या आणि आम्ही खाली सह्या केल्या, कारण हो लिहिलं की अडकतं हे सगळ्यांना ठाऊक. प्रश्न तसे अवघड नव्हते. पळताना कधी शुद्ध हरपली का, छातीत दुखलं का, बाकीच्यांपेक्षा लवकर दम लागतो का, कोणी डॉक्टरने हार्टमध्ये आवाज आहे असं सांगितलं का, बीपी आहे का. आणि मग घरचे प्रश्न. जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत कोणी अचानक गेलं का, कोणाला हार्टच्या स्नायूचा आजार आहे का. अमेरिकेत हार्टवाल्या डॉक्टरांच्या संघटनेची अशीच १४ मुद्द्यांची यादी आहे, तिकडं तर सरसकट ईसीजी सक्तीचा नाही, हे प्रश्न आणि स्टेथोस्कोप यावरच भर आहे. म्हणजे जी गोष्ट तिकडं पहिली चाळणी आहे ती आमच्याकडं एका टेबलवर टिका मारून संपली.

जळगावच्या डॉक्टरांनी तेच प्रश्न मराठीत आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समोर बसवून परत विचारले. अप्पा म्हणाले नाही, आमच्या घरात हार्टचं कोणाला काही नाही. डॉक्टर म्हणाले हार्टचं नका सांगू, अचानक कोण गेलं ते सांगा, अपघात पण सांगा, पोहता येत असून बुडालेलं माणूस पण सांगा, गाडी चालवताना उगाच रस्ता सोडून गेलेला पण सांगा. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, धाकटा भाऊ.

काका गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत होती, गव्हाला पाणी भरायला गेले आणि सकाळी विहिरीजवळ स्टार्टरच्या पेटीपाशी पडलेले सापडले. छत्तीस वर्षांचे. करंट लागला, असंच आम्ही सगळ्यांनी कायम ऐकलंय आणि सांगितलंय. डॉक्टरांनी विचारलं, हाताला भाजल्याची खूण होती का? अप्पांना आठवेना. स्टार्टर चालू होता की बंद? तेही नाही. डॉक्टर म्हणाले करंटच लागला असेल, मी नाही म्हणत नाही, पण मला खात्री करायचीय.

त्या शनिवारी गावी गेले. आजी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली, तिला आईनं काहीच सांगितलं नव्हतं कारण घरात ठरलं होतं की हे बाहेर जाऊ द्यायचं नाही, पोरीच्या लग्नाचं वय, उद्या कोणी म्हणेल हिच्या काळजाला भोक आहे आणि ते एकदा पसरलं की एमआरआयचा रिपोर्ट घेऊन घरोघरी फिरणार का. यावरून माझं आणि आईचं कडाक्याचं वाजलं पण मला तिची भीती कळते, आमच्या भावकीत दोन मुलींची स्थळं याहून फालतू कारणांवरून मोडलेली आहेत. आजीला कुणकुण लागलीच होती. म्हणाली, चांगली पळस ना वं तू, मंग दवाखानामा कसाले? मी काकांचं विचारलं. शेंगा फोडायच्या थांबवून ती म्हणाली, धाकलपनमा बी पळता पळता पडे तो. म्हणजे लहानपणी पण पळता पळता पडायचा. अप्पांना हे माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत असेल पण ते कमजोरी म्हणून माहीत, दूध पाजा, लिंबू ओवाळून टाका त्यातलं. आजीला कोणी विचारलंच नव्हतं, आणि तिलाही आजार म्हणून ते कधी वाटलं नाही.

मग पत्र्याच्या पेटीतून कागद काढले. सातबारे, सोसायटीच्या पावत्या, आणि त्यांच्या खाली पोस्टमॉर्टेमचा कागद. त्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलंच नव्हतं, मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला असं लिहिलेलं. तो पुढचा रिपोर्ट आणायला घरातून कोणी गेलंच नाही. कशाला जातील, माणूस गेला होता, गहू उभा होता, आणि करंटचं कारण सगळ्यांना पटलेलं होतं. मी कागदाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, त्यांचा रिप्लाय आला, म्हणजे कारण अजून उघडंच आहे, मुंबईला जाताना हा कागद सोबत ने.

मुंबईच्या डॉक्टरांकडं मी फाईल पुढं केली तर त्यांनी खरंच आधी तो कागद वाचला, ईसीजी नंतर. मग आजीचं वाक्य परत विचारलं, कुठं पडायचे, पळतानाच का, की उभ्या उभ्या पण. मला सांगता येत नव्हतं म्हणून तिथूनच आजीला फोन लावला आणि स्पीकरवर आजी अहिराणीत, डॉक्टर मुंबईच्या मराठीत आणि मधे मी दुभाषी.

एमआरआयबद्दल सगळे आवाजाची भीती घालतात, मला त्रास झाला तो वेगळाच. हार्टचा एमआरआय ठोक्यांच्या तालावर फोटो काढतो, एका फोटोला ठरावीक ठोके लागतात आणि तेवढा वेळ श्वास रोखायचा, आणि माझे ठोके इतके कमी की बाकीच्यांना जेवढा वेळ श्वास रोखावा लागतो त्याहून मला जास्त. हेडफोनमधून आवाज यायचा, साँस छोडिए, रोकिए, आणि मग पुढचं वाक्य काही केल्या येतच नाही. शेवटी गॅडोलिनियम नावाचं औषध नसेतून सोडतात, स्नायूवर कुठं व्रण असेल तर ते तिथं रेंगाळतं आणि फोटोत पांढरं दिसतं. एकोला हे दिसत नाही. बिल दहा हजाराच्या पुढं गेलं, ते अप्पांनी कापसाच्या पैशातून दिलं, त्यावर ते आजपर्यंत एक शब्द बोललेले नाहीत.

रिपोर्ट क्लीन. टोक नॉर्मल, व्रण नाही. पण त्यावर थांबले नाहीत, टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर पळवत ईसीजी. जळगावलाही माझी एक टीएमटी झाली होती, तिथं ठोके १६८ झाले आणि मशीन बंद, टार्गेट अचीव्ह्ड म्हणे, २२० वजा वय आणि त्याचे ८५ टक्के असा तो हिशोब, माझं तर तेव्हा कुठं वॉर्मअप होत होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं खेळाडूची टेस्ट अशी मधेच थांबवायची नाही, ती स्पर्धेत जितकी ताणते तितकं तर ताणलं पाहिजे, नाहीतर काय तपासलं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग पण वाढतो आणि चढ पण, सुरुवातीला नुसतं चालणं आणि पंधरा मिनिटांच्या पुढं गेलं की कन्नड घाट पळत चढल्यासारखं, वर बार धरायचा नाही. ठोके १९० च्या वर गेले तेव्हा मी हात केला. पळताना माझ्या टी वेव्ह सरळ झाल्या, मी खूश, तर डॉक्टर म्हणाले त्यावर जाऊ नकोस, आजार असलेल्यांच्या पण होतात कधीकधी. आम्ही बघत होतो की ठोक्यांची लय बिघडते का आणि बीपी जसं चढायला पाहिजे तसं चढतं का. दोन्ही ठीक.

उरलं होल्टर, म्हणजे सतत ठोके नोंदवणारं छोटं मशीन. छातीला वायरी आणि कमरेला डबी, ४८ तास, आणि त्यात एक तरी कडक ट्रेनिंग सेशन झालं पाहिजे ही अट. जळगावचा मे महिना, पहाटे पाचला पण घामाच्या धारा, इलेक्ट्रोड टिकतंय कुठं, सरांनी वर मेडिकलची टेप गुंडाळली. तलावावर चालणाऱ्या काकू रोज हात करणाऱ्या, त्या दिवशी लांबूनच वळल्या. डबीत झोपेतले ठोके ३४ आणि मधेच दोन सेकंदांचा खंड निघाला, पहिल्या डॉक्टरांनी तो बघितला असता तर माझं काही खरं नव्हतं, पण झोपेतला एवढा खंड एन्ड्युरन्सवाल्यांमध्ये चालतो.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, मग आता मला काही नाही असं लिहून द्या. डॉक्टर म्हणाले तसं नाही लिहिणार, आज काही दिसत नाही एवढं लिहीन. पळायला परवानगी, दरवर्षी ईसीजी, एको आणि बाकी लागेल ते. जीन टेस्ट करू का विचारलं, कारण मी कुठंतरी वाचलं होतं की दक्षिण आशियातल्या साधारण ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूच्या एका प्रोटीनच्या जीनमधला छोटा तुकडा गायब असतो, २००९ साली ते संशोधन आलं होतं. ते म्हणाले, तो तुकडा तुझ्यात गायब निघाला तर मी तुला काय वेगळं सांगणार? त्या ४ टक्क्यांतले सगळे काही आजारी पडत नाहीत. हार्ट बदललं तर बघू.

सगळ्या खेळाडूंना तपासणी सक्तीची करावी का यावर इटलीचं उदाहरण पण त्यांनीच दिलं. तिकडं १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला ईसीजीसकट तपासणी सक्तीची आहे, आणि तिथल्या व्हेनेतो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू दर लाखामागं वर्षाला ३.६ होते ते २००४ पर्यंत ०.४ वर आले. मी म्हटलं मग आपल्याकडं पण करा ना, तर म्हणाले इस्रायलने पण १९९७ ला सक्ती केली, तिथल्या आकड्यांत काही फरक दिसला नाही, त्यामुळं डॉक्टरांमध्ये यावरून भांडणं आहेत. आणि एरिक्सनचं उदाहरण दिलं. डेन्मार्कचा फुटबॉलर, इटलीतल्याच क्लबला होता म्हणजे ही सगळी तपासणी झालेला, तरी १२ जून २०२१ ला चालू मॅचमध्ये कोसळला. वाचला तो मैदानावर लगेच छाती दाबली आणि शॉक दिला म्हणून. नंतर छातीत शॉक देणारं यंत्र बसवलं तर इटलीत खेळायला बंदी, मग इंग्लंडला जाऊन खेळला. आपल्याकडं २००४ मध्ये बेंगळुरूला फुटबॉलच्या फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर कोसळला, तो गेला. हे सरांना लागलं असणार, कारण परत आल्यावर त्यांनी कुठूनतरी ओळख काढून सगळ्या पोरांना छाती दाबायचं ट्रेनिंग दिलं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, खोल, आणि एकानं त्याच वेळी १०८ लावायचा. शॉकचं मशीन मात्र आम्ही सराव करतो तिथं नाही, तो अर्ज पडून आहे.

तो कॅम्प माझा गेला, त्याची यादी आमच्यासाठी थांबत नसते. पुढच्या वेळी बघू.

काकांमुळं घरच्या सगळ्यांची तपासणी करा असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, रोज १६०० मीटर पळतो, त्याचा ईसीजी आणि एको नॉर्मल आले. काकांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, त्याला मीच फोन केला, अर्धा तास तो त्याच्या वडिलांबद्दलच विचारत होता, ईसीजी काढतो म्हणाला पण अजून फोटो आलेला नाही. आणि अप्पा, ज्यांना कधी डोकं पण दुखत नाही, त्यांचं बीपी १७० निघालं आणि एकोमध्ये भिंत १४. आता ती बीपीमुळं जाड झालीय की काकांचं जे काही होतं ते आहे, हे आज सांगता येत नाही, आधी गोळ्यांनी बीपी खाली आणायचं, सहा महिन्यांनी परत मोजायची, कमी झाली तर बीपीच होतं म्हणायचं. गोळी ते घेतात, आई जेवणाच्या ताटातच ठेवते. परत एको म्हटलं की म्हणतात कापसाची वेचणी होऊ दे. मी नंबर लावून ठेवलाय, वेचणीच्या आधीचा.